फुगवट्याची जागा

सोमवार, ४ मार्च

दादाच्या उजव्या हातातली ताकद परत येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी आज स्वतः सांगितलं, रिपोर्ट समोर ठेवून. "आहे ती वर्षभर टिकली तरी खूप." दादा म्हणाला, "मग निघू का? बॅटच्या मुठीचा सरस वाळत आलाय." जन्मभर बॅटी केल्या, तो हात चालला आणि याला सरसाची काळजी! गाडीत मात्र मूठ उघडमीट करत बसला होता.

बुधवार, ६ मार्च

नवीन खूळ — सुवर्ण गुणोत्तर! आमच्याच पेपरच्या पुरवणीतल्या लेखातून उचललंय. तो लेख तपासलाही मीच. लांबीचे दोन भाग असे करायचे, की लहानाचं मोठ्याशी जे प्रमाण, तेच मोठ्याचं अख्ख्याशी. हे भाग जिथे पडतात, त्या रेघेवर बॅटच्या पाठीचा फुगवटा आणायचा.

"आजवर अंगठ्याने चाचपून ठरवलं," म्हणाला. "अंगठा काय भिंगरीला देता येतो? आकडा देता येईल."

भिंगरी त्याची लेक. कॉलेज संपल्यापासून त्याच्या हाताखाली आहे. ती भुसा झाडत होती. झाडतच राहिली.

रविवार, १० मार्च

बॅट झाली. मैदानावर भिंगरीने चार चेंडू मारले आणि ओरडली, "बाबा, ही बॅट आहे की लोहाराचा घण? कोपरापर्यंत झिणझिण्या!"

दादाने बॅट उलटी केली, टेप लावली, कपाळावर हात मारला. मुठीसकट लांबी धरली होती! फुगवटा पार वर चढलेला, चेंडू लागायचा त्याच्या खाली. "मुठीने कोण मारतं रे, गाढवा!" — स्वतःलाच. तिघंही पोट धरून हसलो. हसता हसता बॅट त्याच्या हातून सटकली. भिंगरीने ती उचलली.

शुक्रवार, १५ मार्च

पेपरची पानं उशिरा सुटली. दमले. दादाला आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत.

मंगळवार, १९ मार्च

दुसरी बॅट. या वेळी नुसतं पातं मोजलं. रेघ त्याने डाव्या हाताने मारली, वाकडी आली, पुन्हा मारली. रंधा भिंगरीने चालवला, टोक मी धरलं. स्टुलावरून त्याची टकळी चालूच — "अगं, गुदगुल्या काय करतेस लाकडाला? सोल!"

झाल्यावर त्याने आपली एक जुनी बॅट शेजारी ठेवली. फुगवटा अगदी त्याच जागी!

एवढा खटाटोप करून निघालं काय, तर तो कायम करत आला तेच. म्हटलं, "मनाला लावून घेऊ नकोस, दादा."

"लावून? अगं वेडाबाई, आकडा बरोबर निघाला! आता हात गेला तरी जागा राहील."

आणि रडायला लागला. डॉक्टरांकडेसुद्धा रडला नव्हता. भिंगरीने ओढणीने त्याचं तोंड पुसलं. तिचेही डोळे भरले होते. मला वाटलं, आनंदानेच.

बुधवार, २० मार्च

सकाळीच भिंगरी दारात. बाहेरगावची नोकरी पक्की झालीय, होकारही कळवलाय. सोमवारी निघणार. "आत्या, मला बॅटी नाही गं करायच्या. कधीच नव्हत्या करायच्या. काल सांगणारच होते, पण बाबा रडले."

दादाने तिच्यासाठी नवीन लाकूड शिकंज्यात लावून ठेवलंय. एका हाताने. संध्याकाळी आम्ही दोघी जाऊन सांगणार आहोत.