तुझ्या गोठ्यात किती?

गुरुजी, तुमच्याबद्दलचा संशय माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मीही शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि आज भाजी निवडताना पुन्हा तोच प्रश्न डोक्यात आला, म्हणून लिहायला बसले.

आंबेनळीच्या वरच्या अंगाला आमचा धनगरवाडा. तिथवर कुणी चढून आलंच, तर ते चराई वसूल करायला, नाहीतर लोणी घ्यायला. तुम्ही आलात आणि रिकाम्या गोठ्यात शाळा मांडलीत. पोरं शिकवायला एवढा डोंगर कोण चढतो, म्हणून बाबांना तुम्ही पहिल्या दिवसापासून खटकलात. त्यात तुम्ही बेरजेला नेमक्या म्हशीच घेतल्यात. तुझ्या गोठ्यात किती, हिच्या गोठ्यात किती, मिळून किती? आमच्यात जनावरांचा आकडा तोंडाने काढत नाहीत, नजर लागते. पण पोरांना पहिल्यांदाच काहीतरी येत होतं, ती भराभर सांगत सुटली. आणि थोड्याच दिवसांत जंगलखात्याचा माणूस घरोघरी अगदी बरोबर आकडा सांगत वाढीव चराई मागायला आला.

वाड्याने तुमचं दूध तोडलं, पोरं घरी बसवली. तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन म्हणालात की मी कुणाला काही सांगितलेलं नाही. बाबा दावं वळत होते. मान वर न करता म्हणाले, "सांगायचं नाय, तर मंग शिकवायला वर येता कशाला, मास्तर?"

तुम्हाला उत्तर देता आलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं, आणि संशयही त्याचाच येतो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला एकटीलाच शाळेत धाडलं. "जा गो. तो काय काय इचारतो ते सारं ध्यानात ठेव नि मला येऊन सांग." मी तुमच्यावर पाळत ठेवायला आलेली पोरगी होते, गुरुजी. तुम्ही पाढा म्हणता, मी मुकाट ऐकते, आणि संध्याकाळी धार काढणाऱ्या बाबांना पाढ्यांपासून नद्यांच्या नावांपर्यंत सगळं म्हणून दाखवते. अडखळले की ते दटावतात, लपवतेस काय? म्हणून मी एक अक्षर गाळत नसे. तुम्ही बेरजेला म्हशींऐवजी खडे घेतलेत, तर बाबांना तेही खुपलं. तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचात. बाबांचा डाव तुम्ही ओळखला होता, असं आता वाटतं. मला काही झालं नाही हे बघून हळूहळू बाकीची पोरंही आली.

मी चौथीत असताना तुम्ही खाली गावात तापाने गेलात. निरोप वर आला तेव्हा बाबा रेडकू बांधत होते. दाव्याची गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "आता कोन इचारनार?" पुढे त्यांनी मला महाडला, आमचं लोणी घेणाऱ्यांच्या घरी ठेवून शाळेत घातलं.

ते आकडे तुम्हीच दिलेत का, हे मला आजही ठाऊक नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुम्ही दिलेत असं मला तेव्हा पक्कं कळलं असतं, तरी मी ते बाबांना सांगितलं नसतं.