अडखळण्याचा आवाज

बाई, मी नवा कॉम्प्युटर घेतला. राजारामपुरीतच, तुमच्या टायपिंग क्लासच्या पुढच्या गल्लीत. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "पहिला बंद पडला काय गं?" नाही, बंद पडला नव्हता. माझं काम त्याच्यावर व्यवस्थित चाललं होतं. मी अजून तुम्ही शिकवलेलंच करते. घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी, अधूनमधून लग्नपत्रिका, परीक्षेच्या दिवसांत शाळांच्या प्रश्नपत्रिका. बोटं चालतात, घर चालतं. हा नवा घेतला तो खेळण्यासाठी. एवढं लिहून मी जरा थांबले, कारण तुमची वर गेलेली भुवई दिसली.

माझी मुलगी पुण्याला गेली, पहिल्याच नोकरीसाठी. फोनवर ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण "हं", "जेवले", "बरी आहे", "ठेवू?" एवढंच. दिवाळीत आली तेव्हा तिनं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ टाकून दिला. त्यात गाव वसवायचं असतं. ती पुण्यात बसून आणि मी इथं बसून, दोघी एकाच गावात रस्ते आखतो, पाण्याच्या टाक्या बांधतो, बसचे थांबे ठरवतो, आणि कानाला हेडफोन लावून बोलत असतो. रविवारची दुपार आमची त्यासाठी ठरलेली. आम्ही एक मोठं तळं केलं, त्याच्या कडेनं फिरायला रस्ता केला. "मम्मी, इथं भेळेच्या गाड्या पाहिजेत," असं ती म्हणाली तेव्हाच मला कळलं की ती आपलं इथलंच तळं मनात धरून बसली आहे. हात कामात गुंतले की तिचं तोंड मोकळं होतं, बाई. शेजारणी मेथी निवडता निवडता बोलतात ना, तसं. समोरासमोर बसवून "बोल आता" म्हटलं तर कोण बोलतं? गटारीचा उतार काढता काढता तिनं मला तिच्या खोलीतल्या मुलीशी झालेलं भांडण सांगितलं, आणि साहेब सगळ्यांसमोर कसा बोलतो तेही सांगितलं.

पण गाव वाढत गेलं. माणसं आली, गाड्या आल्या, सकाळच्या वेळी चौकाचौकात गर्दी व्हायला लागली, आणि त्या प्रत्येक माणसानं कुठं जायचं याचा हिशेब माझा जुना कॉम्प्युटर करत बसायचा. चित्र थिजायचं आणि त्याच्याबरोबर तिचा आवाजही तुटायचा. "मम्मी, तू परत अडकलीस." चित्र हलेपर्यंत तिचं वाक्य होऊन गेलेलं असायचं. मी विचारायची, "काय म्हणालीस?" ती म्हणायची, "काही नाही, राहू दे." एका रविवारी म्हणाली, "आपण दुसरं छोटं गाव करू या का?" पुढच्या रविवारी म्हणाली, आज कंटाळा आलाय. त्याच्या पुढच्या रविवारी तिचा नुसता मेसेज आला. मला त्या गावाचं एवढं काही नव्हतं. माझ्या मुलीशी बोलायची माझ्याकडे तेवढी एकच जागा उरली होती आणि ती बंद पडत चालली होती.

म्हणून मी दुकानात गेले. दुकानदार तरुण आहे, पण बोलणं अस्सल आपल्याकडचं, शेजारच्या दुकानात ऐकू जाईल असं. मी काम सांगितलं तेव्हा म्हणाला, "काकी, टायपिंगला कायबी चालतंय की. कशाला उगाच भारी घेताय?" मी म्हटलं, खेळायचं पण आहे. त्यानं मला एकदा खालवर बघितलं. "पोराला व्हय?" मी म्हटलं, "मला." मग मात्र त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि दोन प्रोसेसर समोर ठेवले. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बाई. तुमच्या वेळी आपण सगळ्या डब्यालाच मेंदू म्हणायचो. दोन्ही याच सालातले, दोन्हींची किंमत उन्नीसबीस. फरक विचारला तर म्हणाला, "असं बघा, लग्नाचा स्वयंपाक हाय. ह्या पयल्यात बाया जास्त हायत हाताखाली, धा कामं एकदम उरकत्यात. त्या दुसऱ्यात बाया कमी, पण सगळं सामान वट्यावर, हाताशी. दर बारीला माळ्यावर चढायला नको."

"बायाच का हो? आचारी म्हणा की," मी म्हटलं.

"आचारी म्हणा, वाढपी म्हणा. मुद्दा कळला न्हवं?"

मुद्दा कळला होता. पहिला सगळ्या कामांना चांगला, व्हिडिओ जोडायला तर फारच चांगला. दुसऱ्याच्या पोटात जवळची साठवण मोठी, म्हणून खेळाला बरा. दुकानात दोन्ही जोडून ठेवलेले होते. तो म्हणाला, बसून बघा. आणि मला तुमची सासू आणि सून आठवली.

आठवतं ना? क्लासमध्ये टाइपरायटरांच्या रांगेपलीकडे तुम्ही दोन कॉम्प्युटर आणून ठेवले होते, एक कुणाकडून तरी वापरलेला आणि एक कोरा. जुन्याला आम्ही सासू म्हणायचो, नव्याला सून. सुनेवर बसायला भांडणं व्हायची. ज्याला सासू मिळायची तो तोंड पाडून बसायचा, आणि स्पीड कमी आला की म्हणायचा, बाई, मशीनच हळू आहे. एक दिवस आम्ही आलो तर दोन्ही डबे टेबलाखाली, त्यांच्यावर तुमची जुनी साडी टाकलेली, आणि कुठला पडदा कुठल्या डब्याचा ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही एकेकाला दोन्हीकडे बसवता, तोच उतारा टाइप करायला लावता आणि विचारता, "सांगा, सून कुठली?" प्रत्येकानं ठामपणे सांगितलं आणि निम्म्यांचं चुकलं. माझंही चुकलं. तुम्ही साडी उचलत म्हणालात, "ते मशीन तुमच्या बोटांची वाट बघत बसलंय रे. तुम्ही कुणाची वाट बघताय?" मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, बाई, गाडीच्या खेळात मात्र फरक पडतो. तुम्ही ओरडाल असं आम्हाला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "दाखव." सासूवर ती गाडी उड्या मारत चालली, सुनेवर सरळ पळाली. तुम्ही चष्मा वर करून दोन्ही बघितलंत आणि म्हणालात, "मग असं म्हणा की. ओझं पडल्यावर फरक कळतो." आणि लगेच, "आता बंद कर ते."

तर मी दुकानदाराला म्हटलं, कुठला कुठला ते मला सांगू नका. तो हसला. "काकी, तुमी लईच पोचलेल्या हाय." मी दोन्हीकडे बसले. एका जाड पुस्तकाची फाइल उघडली, शेवटच्या पानापर्यंत गेले, जोडाक्षरं टाइप केली. मला काडीचा फरक कळला नाही. त्या पुस्तकाची छपाईसाठीची फाइल काढायला एकानं जरा कमी वेळ घेतला. तेवढ्यात माझा चहा पुरता पिऊनही होणार नाही, असला फरक. माझ्या रोजच्या कामापुरतं विचारलंत तर दोघांतला कुठलाही उचलावा आणि घरी यावं.

मग मी आमचं गाव उघडलं. कोपऱ्यात एक आकडा दिसतो, चित्र किती वेगानं बदलतंय ते सांगणारा. दुकानदार तोच बघत होता. "दोन्ही सारखंच की हो. ह्यो तर वाईच पुढंच हाय." मी आकडा बघत नव्हते. मी सकाळच्या गर्दीच्या वेळी तळ्याकडून बाजारात जाऊन बघत होते, परत परत. एकाचा आकडा मोठा होता, पण चौकात शिरताना तो किंचित दचकायचा. पायरी चुकल्यासारखा. दुसरा दचकत नव्हता.

हे मला तुम्ही शिकवलंत, दुसऱ्या कुणी नाही. तुम्ही आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहायचा. खाली रिक्षा, फेरीवाले, आणि आत इतक्या टाइपरायटरांचा कडकडाट, पण तुम्ही न वळता म्हणायचा, "तिसरी, 'ज्ञ'ला अडखळतेस." कुणी स्पीड सांगायला आलं की तुम्ही हात वर करून थांबवायचा. "वेग नको सांगू. कुठं अडखळलीस ते सांग." शंभर शब्द धावत जाऊन दोनदा थांबणाऱ्यापेक्षा एका लयीत जाणारा पुढं पोचतो, असं तुमचं म्हणणं. सतराव्या वर्षी मला तो म्हातारपणाचा उपदेश वाटला होता. आता तोच उपदेश मी प्रोसेसर निवडायला वापरला. "हा न दचकणारा द्या," मी म्हटलं. साडी तर नव्हती, पण दुकानदारानं टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "कमी बायांचा निघाला बगा."

गेल्या रविवारी पहिल्यांदा त्याच्यावर बसले. मुलीला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, नवीन घेतलाय, ये. ती आली, जरा नाखुशीनंच आली. "बघू मम्मी, किती वेळ टिकतंय." गाव उघडलं. तळ्याकाठच्या दिव्यांपासून स्टँडपर्यंत सगळं पाण्यासारखं वाहत होतं. "अय्यो," ती म्हणाली, "तू माझ्यापेक्षा स्मूद झालीस की." आम्ही उत्तरेच्या बाजूला नवीन वस्तीचे रस्ते टाकायला घेतले. ती एका रस्त्याला वळण देत होती. मी विचारलं, "ऑफिसात काय म्हणतात?" आणि ती थांबली.

बाई, माझ्या पडद्यावर बस चालल्या होत्या. माणसं रस्ता ओलांडत होती. तळ्यात सावल्या हलत होत्या. फक्त तिचा रस्ता अर्ध्यावर राहिला होता आणि कानात काही येत नव्हतं. गेले कित्येक महिने अशा प्रत्येक वेळी मी माझ्या मशीनला दोष दिला होता. या वेळी मशीन थांबलेलं नव्हतं. मग मला वाटलं, त्या सगळ्या रविवारी तरी किती वेळा मशीन थांबलं होतं आणि किती वेळा ती?

"नेट गेलं होतं बहुतेक," ती म्हणाली.

तिचं नेट गेलं नव्हतं. तिच्या श्वासाचा आवाज मला येत होता. "खोटं बोलू नकोस" असं जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, "असेल. इकडं पण कमीजास्त होतंय. मी तोवर त्या वस्तीत झाडं लावते." आणि मी झाडं लावत बसले. एका रस्त्याला दोन्ही बाजूंनी, मग दुसऱ्याला. तिसऱ्या रस्त्याला ती म्हणाली, "मम्मी, मी नोकरी सोडली. दिवाळीनंतर लगेच." मी आणखी एक झाड लावलं. "रोज डबा भरून घेऊन लायब्ररीत जाऊन बसते. तुला कसं सांगू कळत नव्हतं. मी येतो घरी थोडे दिवस?" पुण्यात राहून ती "येते, जाते" करायला लागली होती, तेव्हा मात्र आपल्याकडच्या पोरींसारखं "येतो" म्हणाली. मी म्हटलं, "ये की. त्यात विचारायचं काय?" मग म्हटलं, "तो रस्ता पुरा कर आधी, बस अडकलीय." ती हसली, नाक ओढून.

ती उद्या संध्याकाळच्या बसनं येते आहे. तिची खोली झाडून झाली. आणि त्या रविवारपासून मला तो एक दिवस आठवतोय. माझी ताई सासर सोडून परत आली होती त्या आठवड्यातला. घरात सगळे तिच्याभोवतीनं वावरत होते, जेवायला वाढत होते, पण काय झालं हे तिला कुणीच विचारत नव्हतं. मीही नाही. मी क्लासला येऊन टाइप करत होते आणि तुम्ही खिडकीशी उभ्या. माझा कडकडाट मधेच तुटत होता. तुम्ही वळलात. तुम्ही कधी वळायचा नाही. माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणालात, "कुठं अडखळतेस?" मी म्हटलं, "बाई, 'ग' अडकतोय. डाव्या हाताचा."

तुम्ही कपाटातून ब्रश आणि रॉकेलची बाटली आणलीत, पदर खोचलात, मशीनचं झाकण काढलंत आणि तो एक दांडा पुसत बसलात. वर, खाली, परत वर. सगळा क्लास टाइप करत होता आणि तुम्ही माझ्याशेजारी वाकून एवढंसं लोखंड पुसत होता, शेजारच्या शाळेची घंटा ऐकू येईपर्यंत. मग झाकण लावलंत. "झालं बघ. आता सावकाश." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात, त्याला रॉकेलचा वास होता. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन ताईच्या शेजारी बसले आणि तिला विचारलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी सासरी होते, मला कळलं तेही उशिरा. तुमच्या क्लासच्या जागी आता डोळ्यांचा दवाखाना आहे, त्यामुळे हे पत्र टाकायला पत्ता नाही. हातानं लिहिलं असतं तर तुम्ही अक्षराला नावं ठेवली असती, म्हणून नव्या मशीनवर टाइप केलंय. छापणार नाही. मुलगी यायच्या आत फाइल बंद करीन. एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि तुम्हाला ते तेव्हाच कळलेलं होतं हे मला आत्ता, झाडं लावता लावता, कळलं: तो "ग" अडकत नव्हता, बाई.