अँप्लिफायर, अर्थिंग आणि गजरामायचा कान

४ जानेवारी, रविवार
हॅम रेडिओचा अँप्लिफायर आला, माझा आवाज लांब पोचवणारी पेटी. सुरतहून विसरवाडीपर्यंत ट्रकनं, पुढे शहाद्याला आमच्या गाडीत. जिना चढवताना मी आणि निर्मला दोघंही घामाघूम. एवढ्या वजनाचं बाळंतपण आपल्या दवाखान्यात अजून झालं नाही, म्हणाली. बायको नर्स असली की विनोद असेच.

संध्याकाळी युसूफभाईंना फोन. नंदुरबारच्या त्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी मोर्स शिकलो, लायसनही त्यांच्याच मागे लागण्यानं काढलं. आता ते लेकीकडे, दक्षिण आफ्रिकेत. रविवारी तिथल्या क्लबातून रेडिओवर बोलतात ते मला ऐकू येतं. माझं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. फोन आहेच. पण फोनवर तब्येतीपलीकडे बोलणं जात नाही. रेडिओवर आले की परत शिकवायला लागतात.

म्हणाले, "एक हात खिशामा ठेव. अन् एकटा पेटी खोलू नको." एक हात खिशात असला की करंट छातीतून जात नाही. मग फोन नि.ला द्यायला लावला. बराच वेळ तिच्याशी बोलले.

८ जाने.
शाळेतून आल्यावर अर्थिंग. मागच्या अंगणात खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी थेट टेबलापर्यंत. मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा ब्रेकर. दाराजवळ लाल स्विच, तो नि.च्या हट्टानं. मला काही झालं तर आधी तो पाडायचा, मग मला हात लावायचा. जेवताना तिनं ते मला दोनदा म्हणून दाखवलं.

११ जाने., रवि.


सकाळी पेटी उघडली. प्लग काढलेला. आत साठलेली वीज उतरावी म्हणून थोडा वेळ थांबलोही. आतली धूळ बघून ब्रश घेऊन वाकलो. नि. दारात होती.

"थांबा. पह्यले ती काठी लावा."

काठी म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीला तांब्याचा आकडा, त्याची तार अर्थिंगला. काल मीच बनवली होती. तिचं ऐकायचं म्हणून लावली. फाडकन आवाज, निळी ठिणगी. प्लग काढूनही कपॅसिटर विजेनं भरलेलाच. साठा उतरवणारा रेझिस्टर तुटला होता, प्रवासात की आधीच, कोण जाणे. हजारांतले व्होल्ट. ब्रश धरलेला हात आत गेला असता तर...

नि.नं चहा केला. शेजारी बसून राहिली. नंतर कळलं, युसूफभाईंनी तिला त्या दिवशी काठीचंच सांगितलं होतं.

या दोघांच्या माणसांत माझी गणना आहे, हे किती मोठं.

१८ जाने.
नवा रेझिस्टर बसवला. झाकण लावल्याशिवाय चालू होत नाही, तेही तपासलं. आधी डमी लोडवर, म्हणजे अँटेना न जोडता. लायसनात बसते तेवढीच ताकद. सगळं ठीक.

मग अँटेना जोडून बोललो. दहा मिनिटांत शेजारच्या गजरामाय दारात. ऐंशीच्या पुढच्या. "मन्हा कानमा भुंगा घुसना का काय?" त्यांच्या कानातलं मशीन माझ्या प्रत्येक शब्दाला गुणगुणत होतं. बंद केलं. अँटेनाचं एक टोक त्यांच्या गच्चीजवळून जातं. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं.

२४ जाने.
अँटेना हलवली, आता आमच्या लिंबाच्या बाजूला, खूप उंच. केबलवर, भरकटणाऱ्या लहरी अडवायला, फेराइटच्या कड्या. ताकद निम्मी. गजरामायला ओसरीवर बसवून पुन्हा पाहिलं. गुणगुण कमी झाली, गेली नाही. पुढचा उपाय सुचेपर्यंत पेटी बंद, असं त्यांना सांगितलं.

त्यांनी युसूफभाईंची चौकशी केली. त्यांचा जुना मर्फी रेडिओ युसूफभाईंनीच दुरुस्त केला होता. म्हणाल्या, "तू बोल भाऊ. रविवारना दिन मी मशीन काढी ठेवसू."

मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२५ जाने., रवि.
दिवेलागणीला गजरामाय आमच्याकडेच आल्या. मशीन डबीत, डबी पदरात बांधलेली. नि. लाल स्विचजवळ खुर्ची टाकून.

निम्म्याच ताकदीवर हाक दिली. थांबलो. पुन्हा दिली. खरखरीत कुणाचा तरी आवाज वर आला, माझ्या कॉलसाइनची, म्हणजे रेडिओवरच्या माझ्या नावाची, शेवटची दोन अक्षरं स्पष्ट. पुढे काही शब्द, मग बुडाला. युसूफभाईच? शपथेवर सांगता येणार नाही.

गजरामाय माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काय म्हणे तो, त्यांनी विचारलं. नि.नं त्यांच्या कानाशी वाकून, तो बोलतोय एवढंच सांगितलं, "बोली ऱ्हायना."

मी परत माइक उचलला.