वारंगा फाट्यावरचा बॅनर

सोम., २ फेब्रु.
पुण्याहून आले. वारंगा फाट्यावर उतरते तर समोर मीच! भला मोठा बॅनर. ‘कॅन्सरवर औषध शोधणारी डोंगरकड्याची सुकन्या’. शोधणारी! डोकंच फिरलं. दादाचा उद्योग. फोनवरच झापला त्याला. म्हणे, "अगं, गावाला कवतिक हाय तुझं. रागावून काहून राहिली?"
चार वर्षं प्रयोगशाळेत रक्तातल्या तांबड्या पेशींचं पातळ आवरण काढतेय, औषधाच्या अतिबारीक कणांवर चढवतेय. शरीराला ते आपलेच वाटावेत, त्यानं हाकलू नयेत, गाठीपर्यंत पोचावेत. उंदरांत. फक्त उंदरांत!

मंगळ., ३
आईची फाईल चाळली. छातीतल्या गाठीसाठी सहा केमो. दोन झाल्या. तिसरी महिन्यापूर्वीच व्हायला हवी होती. गेलीच नाही ही बाई! दादाला माहीत, वहिनीला माहीत. मला कुणी एक शब्द बोललं नाही.
"घास उतरत न्हाई, केसं जाऊन राहिले. काहून तकलीफ करून घेऊ? तुझं औषध येऊनच राहिलं ना."
माझं औषध. बॅनरवरचं. ताट सारून उठले.

बुध., ४
शांतपणे समजवायचं ठरवलं. आवरण, कण, गाठ... मध्येच म्हणाली, "मेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराला पांघरवायचे तुझे बाबा. मेंढी हुंगायची, आपलंच समजून पाजायची. तसंच व्हय?"
अगदी तसंच! प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांना हे कुणाला समजवायला तास लागतो. दोन मिनिटं इतका आनंद झाला.
मग म्हणाली, "तुझ्या उंदराला भेटतं, आन् मला न्हाई?"
ओरडले. आजारी आईवर ओरडले. उंदीरसुद्धा सगळे जगत नाहीत, माणसाला द्यायला किती वर्षं लागतील ते सरांनाही माहीत नाही, तोवर तू...

गुरु., ५
सकाळी जाऊन बॅनर फाडला. पानटपरीवाला बघत राहिला. बघू दे. नांदेडच्या डॉक्टरांना फोन. "उद्या घेऊन या. आणखी उशीर नको."
घरी येऊन ते भेंडोळं दादासमोर आदळलं. "खोटं लिहायला लाज नाही वाटली?" आईनं एक तुकडा उचलला, माझं तोंड असलेला. दिवाळीतला, शाळेतल्या सत्काराचा फोटो. खांद्यावर शाल, हातात नारळ. सरपंच माइकवर "शोध लावला, शोध लावला" म्हणत होते तेव्हाचा.
"खोटं होतं, तर मंग तवा हासून काहून राहिली होतीस?"
मी उठून तिची पिशवी भरायला घेतली.
उद्या साडेसातची नांदेड गाडी. येते म्हणाली नाही. येत नाही असंही म्हणाली नाही. पिशवी मी भरून ठेवलीय. अजून तरी तिनं ती रिकामी केलेली नाही.