नीलला किती, हॅवलॉकला किती

५ जानेवारी, रविवार
संकल्प. यंदा अंदमान. म्हणजे अंदमानच.

डॉक्टर म्हणाले, कुंदाचे दोन्ही गुडघे मे महिन्यात बदलावे लागणार. कुंदा म्हणाली, बदला, पण त्याआधी एकदा स्वतःच्या गुडघ्यांवर समुद्रात उभं राहायचंय. गुडघाभर पाणी, बस्स. लग्नाला एकतीस वर्षं झाली, बाईने काही मागितलंच नाही. मागितलं ते हे. मी म्हटलं, तू काळजी सोड, माझ्यावर टाक. रंगाच्या कारखान्यात आयुष्यभर प्रॉडक्शन प्लॅनिंग करतोय. अंबरनाथ एमआयडीसीत माझ्या शेड्यूलला कोणी हात लावत नाही. (वाचतही नाही, पण ती मॅनेजमेंटची चूक.)

फक्त एक किरकोळ बाब उरली. हॅवलॉक आणि नील ही दोन बेटं. रात्री चार. कुठे किती? आज संध्याकाळपर्यंत संपवतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
संपलं नाही. दोन-दोन हे उत्तर पटकन सुचलं, म्हणूनच संशय येतोय.

१२ जानेवारी, रविवार
उल्हासनगर, कॅम्प दोन. जीन्सच्या दुकानावर हरेशभाईचं टूर्सचं ऑफिस. बसल्याबसल्या पापड आणि पाणी आलं. पापड अप्रतिम. हरेशभाई म्हणाला, साईं, दो-दो कर दो, सब करते हैं, टिकट अभी लॉक कर देता हूं. मी म्हटलं, सगळे करतात त्याला प्लॅनिंग म्हणत नाहीत. त्याने आणखी एक पापड मागवला. मी विचार करून सांगतो म्हणालो. ट्रेडवाल्यांना घाई फार.

१९ जानेवारी, रविवार
काल अवधूतने पुन्हा विचारलं, सर, रजेच्या तारखा? अवधूत म्हणजे माझा ज्युनिअर, बदलापूरहून येतो. आम्ही दोघं एकाच वेळी रजेवर गेलो तर डिपार्टमेंट उघडं पडतं, म्हणून त्याची भुणभुण. मी म्हटलं, तारखा सध्या फ्लोटिंग ठेव. तो म्हणाला, बरं सर, आणि लवकर निघाला. मुलगी बघायला जायचं होतं. जाऊ दे. वयच तसं.

२६ जानेवारी, रविवार
कुंदाने आज मत दिलं. नील. चारही रात्री नील. हॅवलॉक नकोच. का? तर नीलला पाणी लांबपर्यंत उथळ आहे, चालत जाता येतं, आणि सारखी बॅग भरायची-उपसायची तिला जमणार नाही.

सूचना नोंदवून घेतली. भावनिक आहे. एवढ्या लांब जायचं आणि एकच बेट बघून यायचं? लोक काय म्हणतील? हॅवलॉकचा बीच तर मी मोबाइलवर इतक्या वेळा पाहिलाय की तिथली कुत्री ओळखीची झालीत.

८ फेब्रुवारी, शनिवार
कागदावर सुटत नसेल तर साइटवर ट्रायल घ्यायची, हा कारखान्याचा नियम. आजपासून घरात मॉक ड्रिल. हॉल म्हणजे हॅवलॉक. बेडरूम म्हणजे नील. किचन म्हणजे पोर्ट ब्लेअर, कारण सगळी आवक-जावक तिथूनच. आज मुक्काम हॅवलॉक. उद्या सकाळी बॅगा भरून, पोर्ट ब्लेअरला चहा घेऊन, नीलला चेक-इन.

कुंदाने कपाळावर हात मारला. पण सोफ्यावर झोपली बिचारी.

९ फेब्रुवारी, रविवार
ट्रायल बऱ्यापैकी यशस्वी. अडचणी किरकोळ.

एक, सोफ्यामुळे कुंदाची पाठ धरली. (बेटाचा दोष नाही, फर्निचरचा.) दोन, पोर्ट ब्लेअरला बोट लेट झाली, कारण दूध उतू गेलं. तीन, मी पोहण्याचा चष्मा लावून बॅग ढकलत असताना नेमका भावेश आला. आमची बिल्डिंग पालेगावात त्यांच्या शेतावर उभी आहे, सगळ्यात वर तेच राहतात. तो मेंटेनन्सचं काही सांगायला आला होता. माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, काका, यवरा कनाला इचार करताव? जायचा तं जायचा.

लाखमोलाची जमीन ज्यांनी एका बैठकीत विकली, त्यांना नियोजन काय कळणार!

कुंदा दुपारी बेडरूममध्ये जाऊन आडवी झाली आणि म्हणाली, मी आता नीलवरून हलणार नाही, काय करायचं ते करा. सूचना पुन्हा तीच. नोंदवली.

२३ फेब्रुवारी, रविवार
अवधूतचा साखरपुडा झाला. पेढे आणले होते. एका महिन्यात मुलगी पसंत, बैठक, साखरपुडा! आजकालची पोरं किती उथळपणे निर्णय घेतात. मी अजून हॅवलॉक दीड की अडीच यावर आहे. अर्धी रात्र कशी मोजायची हा खरा तांत्रिक प्रश्न आहे. कुणाला समजावून सांगणार?

पेढे बरे होते.

९ मार्च, रविवार
हरेशभाईचा फोन. साईं, सीटें जा रही हैं, बाद में मत बोलना. मी त्याला शांत केलं. कारण काल रात्री मला मोठा शोध लागला. लाँग आयलंड नावाचं तिसरं बेट आहे! आता सगळं गणित नव्याने मांडायला हवं. बरं झालं घाई केली नाही.

कुंदाला उत्साहाने सांगितलं. ती गुडघ्याला तेल लावत होती. लावतच राहिली.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.
गच्चीवर भावेशकडे सगळ्यांना बोलावणं. मटण, भाकऱ्या, मोठमोठ्याने गाणी. भावेश म्हणाला, काका, आमी एप्रिलला अंदमानला चाललोय. आईला पन नेतो. तुमी दोघा पन चला. मी विचारलं, नाइट्सची विभागणी कशी केलीत? तो म्हणाला, विभागनी कसली? आईला जिथं बरा वाटंल तिथं रव्हायचा.

मी मनापासून हसलो. त्याची आई सगुणाबाई कुंदाला भाकरी वाढत होती. तिचं लहानपण मिठागरात गेलं. म्हणाली, खारा पानी मना नवा नाय, पोरी. पन त्याच्यात काम केला. नुसता उभा रव्हाला कवा भेटला?

कुंदा हसली नाही. तिच्याकडे बघत राहिली.

२४ मार्च, सोमवार
विजय! रजेचा अर्ज दिला. एप्रिलच्या मध्यापासून एक आठवडा, विभागणी नंतर कळवतो या अटीवर.

त्याच दिवशी, दुपारी
अर्ज नामंजूर. त्याच आठवड्यात अवधूतचं लग्न. साहेब म्हणाले, त्याने तारीख फेब्रुवारीतच दिली, तुम्ही तीन महिने काय करत होतात? मी म्हटलं, प्लॅनिंग. साहेबांनी पाणी प्यायलं.

मग मार्चअखेर जातो म्हटलं, तर क्लोजिंग. एप्रिलअखेर म्हटलं, तर ऑडिट. मे म्हणजे ऑपरेशन. बोंबला.

अवधूतला विचारलं, हनीमूनला कुठे? म्हणाला, माथेरान. कधी ठरवलंत? म्हणाला, आत्ता रिक्षात, सर.

२५ मार्च, मंगळवार
कुंदाला सांगितलं. भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने गॅस बंद केला, पदर खोचला आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर भावेशकडे गेली. बिल्डिंगची लिफ्ट परवापासून बंद आहे.

खाली आली तेव्हा धापा टाकत होती. म्हणाली, मी सगुणाबाईंबरोबर चाललेय. तुम्ही या मागून. नीट ठरवून.

विचार केला तर हा उत्तम निर्णय आहे. कारखान्यातही आधी एक माणूस सर्व्हेला पाठवतातच. कुंदा म्हणजे माझी ॲडव्हान्स पार्टी.

१७ एप्रिल, गुरुवार
सर्व्हे पार्टी पहाटे रवाना. भावेशने गाडी दारात आणली होती. मी कुंदाला आयलंडवार सूचनांची फाइल दिली होती. भरती-ओहोटीसकट. ती गाडीतून हात हलवत होती, अगदी शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी. इतकी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही.

चहा करायला पोर्ट ब्लेअरला गेलो. साखरेचा डबा उचलला. खाली माझी फाइल. पानं सुटी करून फळीवर अंथरलेली. भरती-ओहोटीवर हळदीचा डाग.

१८ एप्रिल, शुक्रवार
बदलापूर. अवधूतचं लग्न. मठ्ठा पातळ. सगळे विचारत होते, वहिनी कुठायत? मी म्हणालो, अंदमानला. आणि तुम्ही? मी जिलबी घ्यायला वळलो.

१९ एप्रिल, शनिवार
कुंदाचा फोन. नीलवरून. आधी नुसता वारा ऐकू आला. मग म्हणाली, अहो, मी पाण्यात उभी आहे. गुडघ्याच्या वर पाणी आहे. सगुणाबाईंनी हात धरलाय. खूप वेळ झाला, पण दुखतच नाहीयेत हो गुडघे!

ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. मी विचारलं, हॅवलॉकला किती रात्री? ती म्हणाली, एकही नाही, सगळ्या इथेच. मग मागे कुणाला तरी म्हणाली, हे इथे असते ना, तर आपण एव्हाना बॅगा भरत असतो. सगुणाबाई खो-खो हसल्या. कुंदाही.

मलाही हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र फार वाईट वाटलं. तो हात मी धरायला हवा होता. हे इथे लिहून ठेवतो, बोलायला जमणार नाही.

आज मुक्काम नील. पलंगाच्या माझ्याच बाजूला.

१८ मे, रविवार
दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन नीट झालं. कुंदा घरी आली. साहेबांनी रजा एका झटक्यात मंजूर केली, साठलेली सगळी. तारखाही विचारल्या नाहीत.

विभागणीचा प्रश्नच आला नाही. कुंदा नीलला. पायांखाली उशा, उशाशी शंख. तो तिने माझ्यासाठी आणलाय. मी अखंड पोर्ट ब्लेअरला. कुकर, भांडी, पेज, पुन्हा भांडी. हॅवलॉकला फक्त वॉकर उभा आहे. पेज दोनदा लागली. सगुणाबाई जिना उतरून मुद्दाम बघायला आल्या, पेज चाखली आणि वरून डबा पाठवला.

आज सकाळी कुंदाला म्हटलं, पुढच्या डिसेंबरला आपण दोघं जाऊ. नील. चारही रात्री. ती म्हणाली, बघू. मी म्हटलं, बघू नाही, ठरलं. हरेशभाईला लगेच फोन लावला. तो म्हणाला, साईं, डिसेंबर का तो अभी खुला ही नहीं है. इतनी जल्दी क्या है?

नीलवरून हाक आली. चहा हवाय, आणि या वेळी साखर घाला म्हणतेय.

निघतो.