बैठकीची खिडकी

गुरुवार, दिवेलागणीची वेळ, समता कॉलोनी

प्रकाशयोजनेचं सॉफ्टवेअर आज पहिल्यांदा उघडलं. सरावासाठी आपलीच बैठक काढली. दुपारचा उजेड लावून पाहिला, तर खोली काळीकुट्ट! दिवेच वाढवत बसली. मग लक्षात आलं, मी खिडकी टाकायलेच विसरली होती.

काहून विसरली? काकांच्या आंगणाकडची ती खिडकी बाबांचं अन् त्यांचं बिनसल्यापासून बंदच आहे.

खिडकी टाकली. ऊन थेट बाबांच्या खुर्चीवर.

बाबा मागून पाहून राहिले होते. "कोणाचं घर हे?"

"आपलंच."

बाबा चहा संपवून उठले.

आता खिडकीची गंजलेली कडी उघडायले हातोडीनं ठोकून राहिले. काकांनाही ऐकू जात असन.