नाव नको म्हणणारा प्रायोजक

लाखनी, मंगळवार

प्रिय मेघा,

अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार. तक्रार आधी घे, आशीर्वाद काही नासत नाहीत. तुझ्या ब्लॉगवर मागच्या खेपेला जो फोटो आला, त्यात तळ्याच्या पारीवर, बांधावर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून शिंगाडे सोलत बसलेला एक इसम आहे. खाली तू 'स्थानिक ग्रामस्थ' असं लिहिलंयस. तो इसम मी आहे. सव्वीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवून दोन पिढ्या रडवल्या, आणि जगापुढे आलो तो गालात शिंगाडा धरून. तुझी काकू म्हणते, फोटो बरोबर आला आहे. मी तिच्याशी कालपासून मोजकंच बोलतो.

असो. भंडाऱ्याची नोकरी सांभाळून तू दर रविवारी स्कुटीवर एकेक तळं हिंडतेस, लिहितेस. आणि दोन-तीन प्रायोजक मिळाले नाहीत तर हे सगळं बंद करावं लागेल, असं तू दिवाळीत जेवताना म्हणालीस. तेव्हा घास खाली ठेवून मीच म्हटलं होतं की बघतो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकासाठी इतकी वर्षं वर्गणी मागत फिरलोय, देणाऱ्याचा चेहरा मला वाचता येतो, अशी माझी समजूत.

पहिला गेलो तो चौकातल्या मोबाईलवाल्याकडे. त्याची अट एवढीच, की प्रत्येक तळ्याच्या वर त्याचा वाढदिवसाचा फोटो हवा, गॉगलसकट. दुसरे कोचिंग क्लासवाले. ते म्हणाले, "सर, तळे रायले तं रायले, पन मधामधात आपल्या टॉपर पोरायचे फोटू टाकता येतीन का?" मी दोघांनाही नमस्कार करून उठलो, पण खरं सांगतो, दोघेही मला आवडले. आपल्याकडे देण्याची रीत हीच आहे. नाटकाला जो देतो त्याचं नाव पत्रिकेवर ठळक येतं, पडदा उघडण्याआधी त्याला हार, शाल, नारळ, आणि वर त्याचं भाषण. लोक पोती अंथरून, जांभया देत ते ऐकून घेतात. मग तो खाली उतरून पहिल्या रांगेत बसतो आणि नाटकातल्या एका शब्दाला हात लावत नाही. त्याला काय हवं होतं ते सगळ्या गावाने पाहिलेलं असतं.

आणि आता हे टेकचंद शेठ. गावाबाहेर तुमसरच्या वाटेवर उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची एवढी मोठी गिरणी, देवळाला पंखा दिला तरी तिन्ही पात्यांवर नाव लिहवून घेणारा माणूस. आणि तुझ्या ब्लॉगला वर्षभर सांभाळतो म्हणतो, पण नाव नको, फोटो नको, जाहिरातही नको. निष्काम कर्म मी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो, प्रत्यक्षात कधी दिसलं नव्हतं. ते टेकचंद शेठच्या ऑफिसात दिसलं. अट एकच, तीही किती गोड: "लेख टाकाच्या आंधी एकडाव आमाले दाखवत जा म्हना. आपलीच पोरगी हाये." अतिविनय दिसला की आमच्या शास्त्राप्रमाणे खिसा चाचपावा. मी चाचपला. खिसा जागेवर होता, पण बाकी बरंच काही नव्हतं.

तू फोनवर विचारलंस की त्यांना तुझा नंबर कोणी दिला. मी म्हणालो, गावात काय, कोणीही देतं. शिवाय गिरणीचं पाणी आपल्या तळ्यात कुठून उतरतं यावर तुझा दुसरा लेख तयार आहे, हे त्यांना कसं कळलं, याचंही तुला नवल वाटत होतं. मी विषय बदलून हुरड्यावर आणला. येत्या सोमवारी त्यांना होकार कळवणार, असं तू म्हणालीस, "काकाजींनी शोधलाय म्हणजे माणूस बरा असणार" असंही म्हणालीस. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

काल सकाळी पारीवर सत्यभामाबाई भेटली. तीच तळ्यावर पोट असलेली ढिवरीण, जिची मुलाखत तू आपल्या तळ्यावरच्या पहिल्या लेखात घेतलीस. छातीभर पाण्यातून शिंगाड्याची टोपली ढकलत आली. निम्मे शिंगाडे काळे. म्हणाली, "गुरुजी, मेघाबाईचं दुसरं लिवनं काहून नाही आलं? पान्यात उतरलं का आंग खाजवते आता. मी तं माह्या नावानिशी सांगतलं नं." नावानिशी, मेघा. ती टोपली डोक्यावर घेऊन निघून गेली.

तर ऐक. तुझा पहिला लेख आला, त्याच आठवड्यात गिरणीचा एक माणूस मला स्टँडवर भेटला. हसून म्हणाला, "गुरुजी, पुतनी तुमची मस्त लिवते. एकटीच फिरून रायते नं स्कुटीवर? रस्ता खराब हाये तिकडला." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी आपल्या पायांनी टेकचंद शेठकडे गेलो. नंबर मी दिला. दुसऱ्या लेखाचंही मीच सांगितलं. प्रायोजक व्हा, पोरगी ऐकेल, असं मीच सुचवलं. तुला पैसे मिळतील, त्यांना शांतता मिळेल आणि तू धडधाकट घरी येशील, एवढाच माझा हिशोब होता. त्यांना नकार कळव. लेख टाक, सत्यभामाबाईचं नाव घालून टाक. मोबाईलवाल्याला मी पुन्हा विचारतो, गॉगल चालवून घेऊ. पण त्या रस्त्याला तू एकटी असलीस आणि संध्याकाळपर्यंत फोन लागला नाही, तर मी काय करणार आहे, हे मला माहीत नाही. मला फार भीती वाटते, बाई.

तुझाच,
जागेश्वरकाका